फॅरोऐवजी खिरीचे गहू: पानगळीतलं व्हेगन सॅलड

तळ्याकाठी

इकडच्या दुकानांत 'फॅरो' नावाचं इटालियन धान्य मिळतं. मिनेसोटात पानगळ सुरू झाली की मी त्याचं एक सॅलड करते. लाल भोपळ्याचा इकडचा भाऊबंद बटरनट, सफरचंद, केल ही जाड पानांची पालेभाजी आणि वर अक्रोड. यंदा कोजागिरीला लेकीच्या व्हेगन मैत्रिणी येणार होत्या. मसाला दूध, पनीर, दहीवडे सगळं बाद, म्हणून हेच करायचं ठरवलं. भारतीय दुकानात फॅरोच्या निम्म्या किमतीत खपलीचे सडलेले, म्हणजे कांडून फोलपट काढलेले, गहू दिसले, आपण खिरीला घेतो तेच. ते आणले आणि फॅरोच्या जागी घातले. दाण्याची चव तशीच, दाताखाली येणंही तसंच. तसं ते यायलाच हवं, कारण फॅरो म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा एमर नावाच्या जुन्या जातीचा गहू असतं, आणि खपली म्हणजेही एमरच.

साधारण आठ जणांना, इतर पदार्थ असतील तर: दीड कप सडलेले खपली गहू, किलोभराचा एक बटरनट, केलची एक मोठी जुडी, दोन हनीक्रिस्प सफरचंदं, मूठभर सुकवलेल्या क्रॅनबेरी, अर्धा कप अक्रोड किंवा पिकॅन आणि भोपळ्याच्या सोललेल्या बिया. वरून घालायच्या रसासाठी चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल, दोन चमचे सायडर व्हिनेगर, एक चमचा मेपल सिरप, छोटा चमचा मोहरीची पेस्ट, लसणाची एक पाकळी किसून, मीठ आणि मिरपूड. एका बाटलीत घालून झाकण लावायचं आणि जोरात हलवायचं, की झालं.

गहू सहा-सात तास भिजवा. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून, त्यात मीठ घालून, गहू उघड्यावरच शिजवा. पाणी मोजायचं नाही आणि आटवायचंही नाही, शेवटी चाळणीत ओतायचं. अर्ध्या तासानंतर एकेक दाणा चावून बघत राहा. आतून मऊ लागला, पण दाताला थोडा विरोध केला, की गॅस बंद. चाळणीत निथळून परातीत पसरा, आणि वाफ निघत असतानाच निम्मा रस त्यावर घालून कालवा. सॅलडचं सगळं इथेच ठरतं. गरम दाणा रस आत ओढून घेतो. गार झाल्यावर घातलात तर रस तळाशी आणि गहू फिक्के.

बटरनटच्या इंचभर फोडी तेल-मीठ लावून ट्रेमध्ये एकेक सुट्या ठेवा. ४२५ फॅरनहाइटला, म्हणजे २२० सेल्सिअसला, पंचवीस-तीस मिनिटं. एकावर एक रचल्या तर भाजल्या न जाता वाफवल्या जातात. केलचे मधले दांडे काढून पानं बारीक चिरा आणि चिमूटभर मीठ नि लिंबू लावून दोन मिनिटं चुरडा. आपण कोबीला मीठ लावून चुरडतो तसंच. मग सगळं एकत्र करा. सफरचंद आणि अक्रोड मात्र वाढायच्या वेळी.

फोटो काढेपर्यंत वाडगा रिकामा झाला होता, त्यामुळे फोटो मागू नये.

---

मिरजेचा_पाव्हणा

फोटो? :)

आमच्याकडं या गव्हाला खिरीशिवाय दुसरं काम नसतं असंच आजवर धरून चाललो होतो. लग्नकार्य असो नाहीतर भंडारा, मोठ्या काहिलीत गूळ घातलेली गव्हाची खीर रटरटतेय, त्यात खोबऱ्याचे काप, खसखस, सुंठ-वेलची. आता त्यात केल घालायचं म्हणताय. आजीला सांगत नाही.

भारतातल्या लोकांसाठी: दुकानात 'खपली' एवढंच म्हणालात तर दळायचा गहू देतील. 'खिरीचे सडलेले गहू द्या' असं सांगा. खपलीची मळणी झाली तरी दाणा फोलपटातच राहतो, तो वेगळा काढावा लागतो. पूर्वी घरात पाण्याचा हबका मारून उखळात कांडायचे आणि सुपानं पाखडायचे. आता यंत्रावर होतं. सांगली, मिरज, कोल्हापूर, पलीकडं बेळगाव या पट्ट्यात किराणा दुकानातसुद्धा सहज मिळतात.

---

अनुस्वार

पाकृ छान, पण पुण्यातल्या भाडेकरूकडे ओव्हन नाही, केल मिळते ती सोन्याच्या भावाने आणि बटरनट दिसतो तो मॉलमध्ये प्लॅस्टिक गुंडाळून. या सॅलडचं पुणे संस्करण होऊ शकतं का? की निथळलेले गहू आणि सद्भावना एवढंच उरतं?

---

तळ्याकाठी

अनुस्वार, सद्भावना लिंबाबरोबर बरी लागते.

ओव्हन नको. लोखंडी तवा किंवा जाड कढई चांगली तापवा, थोडं तेल घाला, फोडींचा एकच थर पसरा आणि झाकण ठेवू नका. झाकण ठेवलंत की भरीत होईल. एक बाजू तपकिरी होईपर्यंत हलवायचंही नाही. आपला लाल भोपळा बटरनटपेक्षा पाणीदार असतो, म्हणून फोडी जरा मोठ्या ठेवा आणि मीठ भाजून झाल्यावर लावा. देठाजवळचा घट्ट भाग मिळाला तर उत्तम.

केलऐवजी मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरून. तो थोडा उग्र असतो आणि भोपळ्याच्या गोडीला तसंच काहीतरी लागतं. पालक घालू नका, गरम गव्हाखाली तो लगेच मान टाकतो. क्रॅनबेरीऐवजी डाळिंबाचे दाणे. ऑक्टोबरात डाळिंब पुण्यात छान असतं, शिवाय पाकिटातल्या क्रॅनबेरीला लावलेली साखर टळते. मेपलऐवजी काकवी, ऑलिव्हऐवजी शेंगदाण्याचं घाण्याचं तेल.

---

आडवळण

मला कळत नाहीये की थंडगार उकडलेले गहू कोण आवडीने खातं. हे आजारी माणसाचं जेवण वाटतं. एवढे कष्ट करायचेच तर त्याच गव्हाची खीर करा, भोपळ्याचे घारगे करा, सफरचंद नुसतं खा. तिघांचाही मान राहील.

---

गोदाकाठ

आडवळण, तुमच्या बारशाला घुगऱ्या झाल्या नव्हत्या का हो? उकडलेले गहू, हरभरे, मीठ घालून. अर्ध्या महाराष्ट्राने त्या मुठीमुठीने खाल्ल्यात, कुणी त्याला आजाऱ्याचं जेवण म्हटलं नाही.

मी परभणीकडची. आमच्याकडे व्हेगन सॅलड म्हणजे घोळाणा. हरभऱ्याचा कोवळा पाला नाहीतर मेथी किंवा पाथरी बारीक चिरायची, त्यात कांदा, तिखट, मीठ, दाण्याचं कूट आणि वरून करडईचं कच्चं तेल. हाताने कालवायचं आणि भाकरीबरोबर लगेच खायचं. दूध, दही, तूप कशाचाच संबंध नाही.

हा धागा वाचून मी परवा अख्खी शाळू ज्वारी रात्रभर भिजवून उकडली आणि मेथीच्या घोळाण्यात कालवली. ज्वारीचे दाणे शिजले तरी एकमेकांना चिकटत नाहीत, टपोरे आणि सुटे राहतात. उघड्यावर तासभर लागतो, कुकरला पाच-सहा शिट्ट्या. खालून भाजलेला भोपळा. घरात पहिल्यांदा नाकं मुरडली गेली, मग पातेलं घासून पुसून गेलं.

थंडी पडली आणि हरभऱ्याचा पाला आला की तो घालून बघा. त्याच्या पानांवर आंब असते, त्यामुळे लिंबू निम्मं करावं लागेल.

---

तळ्याकाठी

गोदाकाठ, करडईचं कच्चं तेल! ते इथे मिळतं, पण गाळून शुद्ध केलेलं, त्याला वासच नसतो. घोळाण्यात ज्वारी ही कल्पना मी ढापतेय.

आडवळण, थंडगार खाऊच नका. फ्रीजमधून काढल्यावर धान्य कडक होतं, कारण शिजलेलं पीठूळ द्रव्य गार झाल्यावर पुन्हा घट्ट बांधलं जातं. तासभर आधी बाहेर काढा किंवा दोन चमचे गरम पाण्याचा शिपका मारा. हे सॅलड कोमट असतानाच सगळ्यात छान लागतं.

---

झिम्मड

वाचनखूण साठवली. एक शंका. माझ्या नणंदेला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे ग्लुटेन, गव्हातलं चिवट प्रथिन, तिला सोसत नाही. खपलीत ग्लुटेन नसतं असं पाकिटावर वाचलंय, मग हे तिला चालेल ना?

---

डबलचष्मा

झिम्मड, चालणार नाही. मुद्दाम ठळक लिहितेय. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन असतं. त्या ग्लुटेनची ठेवण पावाच्या गव्हापेक्षा वेगळी असल्यामुळे त्याचा पाव नीट फुगत नाही. कुणाला ती पचायला हलकी वाटत असेल, तो भाग वेगळा. पण सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाला एमर, स्पेल्ट, एकॉर्न, बार्ली, राय सगळंच वर्ज्य. पाकिटावर काहीही छापलेलं असो.

गोदाकाठ यांची ज्वारी चालेल, पण ती गव्हाच्याच गिरणीतून फिरलेली नाही ना ते बघा. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: हिंग. डबीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. सॅलडवर फोडणी घालणार असाल तर डबीवरचे घटक वाचा.

मधुमेह असलेल्यांसाठी: अख्खं धान्य मैद्यापेक्षा बरंच, पण दीड वाटी गहू म्हणजे दीड वाटी गहूच. 'खपली आहे, कितीही खा' असं काही नसतं.

---

झिम्मड

बाप रे, बरं झालं विचारलं. तिच्यासाठी ज्वारी. बांधानी हिंगाचं माहीतच नव्हतं.

---

कृषीवल

फॅरो आणि खपली एकच आहेत हे धागाकर्तीने एका वाक्यात संपवलं. थोडी भर घालतो.

इटलीत फॅरो हे नाव तीन निरनिराळ्या गव्हांना लावतात: लहान म्हणजे एकॉर्न, मधला एमर आणि मोठा स्पेल्ट. बाजारात सहसा मधला. त्याचं शास्त्रीय नाव ट्रिटिकम डायकोकम, खपलीचंही तेच. अर्थात वाण वेगळे. आपल्याकडे आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस २९७१ आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे डीडीके मालिकेतले वाण आहेत. पारंपरिक खपली उंच वाढते आणि लोळते, म्हणून बुटके वाण काढले.

आता गंमत. तळ्याकाठी, तुम्ही मिनेसोटात राहता ना? गव्हाच्या खोडावर पडणाऱ्या तांबेरा या बुरशीच्या रोगाचा प्रकार ओळखायची जी पद्धत जगभर वापरली गेली, ती तुमच्याच राज्याच्या विद्यापीठातली. स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२२ साली बारा गव्हांचा एक संच ठरवला. नमुन्यातला तांबेरा या बाराही रोपांवर पाडायचा, कोणतं रोप बळी पडतं आणि कोणतं टिकतं ते पाहायचं, आणि त्यावरून तांबेऱ्याचा प्रकार ठरवायचा. त्या बारा गव्हांत मार्किस, कुबांका, लिटल क्लब यांच्या रांगेत 'खपली' आहे. याच नावाने. आपल्या खिरीच्या गव्हात तांबेऱ्याला दाद न देण्याची ताकद होती, म्हणून तो तिथे गेला. पुढे ऑस्ट्रेलियात त्याचा संकर करून 'खपस्टाइन' नावाचा गहू काढला. खपलीतून आलेली तांबेराप्रतिकारक जनुकं आजही पैदासकार वापरतात.

हे स्टॅकमन म्हणजे हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग यांचे गुरू.

---

मिरजेचा_पाव्हणा

आता आजीला सांगतो!

---

तळ्याकाठी

कृषीवल, केवढी भारी माहिती! मी त्या विद्यापीठाच्या सफरचंदापाशीच थांबले होते. हनीक्रिस्पही तिथलंच. संकर १९६० चा, बाजारात आणलं १९९१ मध्ये. मधली तीस वर्षं नुसती पारख. त्याच्या पेशी मोठ्या असतात आणि चावताना त्या फुटून रस येतो, म्हणून ते गव्हात घालायला चांगलं. पिठूळ सफरचंद घातलंत तर गव्हापुढे त्याचा पत्ताच लागत नाही. आंबट हवं असेल तर इथलंच हॅरल्सन घ्या.

---

पाचवा_डबा

नियम म्हणजे नियम. धाग्यात 'अख्खं धान्य' म्हटलंय आणि गहू मात्र सडलेले. सडले म्हणजे वरचा कोंडा गेला. मग अख्खं कसं?

---

तळ्याकाठी

पाचवा_डबा, रास्त मुद्दा. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फोलपट काढणं अटळ, ते कुणी खात नाही. त्याच्या आतला कोंडा किती घासला जातो ते सडण्यावर अवलंबून. खिरीसाठी जास्त घासतात, कारण खिरीत दाणा फुटून मिळून यायला हवा असतो. फॅरोतही हेच असतं: अख्खा, अर्धा घासलेला आणि पूर्ण घासलेला. पूर्ण घासलेला पंधरा-वीस मिनिटांत शिजतो, अख्ख्याला पाऊण तास सहज लागतो.

कोंड्यासकट हवा असेल तर दळणासाठी मिळते ती खपली घ्या, फोलपटं निवडून टाका, रात्रभर भिजवा आणि पाऊण ते एक तास शिजवा. मला स्वतःला तीच जास्त आवडते, दाणा अजिबात फुटत नाही. खिरीचे गहू सुचवले ते वेळ वाचावा म्हणून. कुकरच्या भानगडीत मात्र सडलेल्या गव्हाला पडू नका. दोन शिट्ट्यांत कच्चा आणि तिसरीत खीर, मधलं काही हाती लागत नाही.

---

डुलुथची_थंडी

शेजारीच राहता की! मग गहू कशाला, मिनेसोटात राहून वाइल्ड राइस का नाही? १९७७ पासून ते राज्याचं अधिकृत धान्य आहे. शिवाय वरती विचारणाऱ्या ताईंच्या नणंदेलाही चालेल, ग्लुटेन नाही.

हा आपल्या भाताच्या जातीचा तांदूळ नव्हे, उथळ तळ्यांत आणि संथ नद्यांत उगवणाऱ्या एका गवताचं बी. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि ते त्यांचं पवित्र अन्न आहे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर काढणी चालते. लहान होडीत दोघं जण: एक उभा राहून लांब काठीने होडी ढकलतो, दुसरा बसून एका हलक्या दांडक्याने ताटं होडीवर वाकवतो आणि दुसऱ्याने हळूच झोडपतो. पिकलेले दाणे होडीत पडतात, उरलेले पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतात. मग ते दाणे विस्तवावर भाजून, तुडवून, पाखडून तयार करतात. २०१८ मध्ये व्हाइट अर्थ या राखीव प्रदेशातल्या ओजिब्वेंनी मनोमिनला कायद्याने स्वतःचे हक्क दिले, म्हणजे उगवण्याचा, फोफावण्याचा हक्क.

विकत घेताना: चकचकीत काळाकुळकुळीत असेल तर तो शेतात लावलेला. त्याला पाऊण तास ते एक तास लागतो. तळ्यातला हाताने काढलेला तपकिरी, फिकट-गडद मिसळ असतो आणि वीसेक मिनिटांत शिजतो. दाणा उकलून आतला पांढरा भाग दिसला की उतरवा. चवीला धुरकट. या सॅलडमध्ये बटरनटबरोबर फार जमतो, शिवाय क्रॅनबेरी शेजारच्या विस्कॉन्सिनची, अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त तिथेच पिकतात.

---

अनुस्वार

धान्याला हक्क! इथे आम्हाला भाडेकराराची प्रत मिळेना.

पुणे संस्करण केलं. खपली, तव्यावरचा भोपळा, मुळ्याचा पाला, डाळिंब. चांगलं झालं, पण काहीतरी कमी वाटत होतं. बाहेर अशा सॅलडवर चीज किसतात ना, तो खारट-खमंगपणा. व्हेगन लोक त्या जागी काय घालतात?

---

सोलापुरी_शेंगा

अनुस्वार, कारळ्याची चटणी! कारळे, सुकी लाल मिरची, लसूण, मीठ. काळीभोर, तेलकट, खमंग. वाढताना वरून दोन चमचे भुरभुरा, कालवू नका. जवसाची चटणीही चालते, पण ती ओलाव्याला पटकन चिकट होते. शेंगाचटणी घातलीत तर अक्रोडांची गरजच नाही आणि खिशालाही बरं.

---

अनुस्वार

कारळे + १. काल उरलेल्यावर घालून खाल्लं. भोपळा गोड, चटणी कडवट-खमंग. हेच हवं होतं.

---

निमा_न्यूजर्सी

थोडं अवांतर. व्हेगन पाहुणे असतील तर मध घालायचा नाही हे बहुतेकांना माहीत असतं, पण कडक पाळणारे काही जण इथली पांढरी साखरही टाळतात. उसाची साखर पांढरी करताना काही कारखान्यांत हाडांचा कोळसा वापरतात. बीटच्या साखरेला तो लागत नाही. सुकवलेल्या क्रॅनबेरीत कोणती साखर आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, म्हणून मी सेंद्रिय साखरेच्या घेते, किंवा ताज्या क्रॅनबेरी अर्ध्या चिरून मेपल सिरपमध्ये मुरवते. मेपल सिरप महाग का असं विचारणाऱ्यांसाठी: लिटरभर सिरपला झाडाचा सुमारे चाळीस लिटर रस आटवावा लागतो. काकवी मिळत असेल तर मेपलच्या मागे लागू नका, तीच जास्त खोल चवीची.

आणि पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेताना अक्रोड वेगळ्या वाटीत न्या. कुणाला कशाची अ‍ॅलर्जी असेल सांगता येत नाही. शेंगाचटणीचंही तेच.

---

आडवळण

घरात बहुमत विरोधात गेल्यामुळे हे सॅलड आमच्याकडेही झालं. पांढरे तीळ भाजून जाडसर कुटून रसात मिसळले, लिंबू वाढवलं, आणि वर मोहरी, कढीपत्ता, सुक्या मिरचीची फोडणी. फोडणीशिवाय मी खाणार नव्हतो. मेपल-बिपल काही नाही, गुळाचं पाणी.

बरं लागलं. खीर अजूनही वरचढ, पण दुसऱ्या दिवशी डब्यात उरलेलं मीच नेलं हे बायकोने इथे लिहायच्या आत मी लिहितो.

---

गोदाकाठ

=)) घुगऱ्यांचा विजय असो.

---

झिम्मड

नणंदेला ज्वारीचं केलं होतं, भोपळा आणि डाळिंब घालून, कारळ्याची चटणी घरी कुटून. तिने कृती लिहून नेली. आता पुढचा प्रश्न. दिवाळीच्या मंडळाच्या जेवणात हे न्यायचं मनात आहे, चाळीसेक माणसं. वेगवेगळे लोक वेगवेगळे पदार्थ आणणार आहेत. तळ्याकाठी, प्रमाण किती घेऊ, आणि आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल?

---

तळ्याकाठी

झिम्मड, बाकी पदार्थ असतील तर पाच कप कोरडं धान्य पुरे, सहा घेतलंत तर उरेल. एक कप कोरड्याचे शिजून साधारण अडीच कप होतात. एकाच पातेल्यात कोंबू नका, दोन पातेली लावा. भोपळा चार किलो, पण ट्रे दोनच असतील तर दोन खेपांत भाजा.

आदल्या रात्री गहू शिजवून, गरम असताना निम्मा रस लावून, पूर्ण गार झाल्यावर फ्रीजमध्ये. पसरट भांड्यात ठेवा, खोल डब्यात आतून गरम राहतो आणि आंबायची भीती. भोपळाही आदल्या दिवशी भाजला तरी चालतो, मात्र वेगळा ठेवा, नाहीतर त्याची कड मऊ पडते. केल चुरडून ठेवलीत तर उलट सुधारते. मुळ्याचा पाला मात्र सकाळीच चिरा. सफरचंद तिथे पोचल्यावर कापून लिंबाच्या पाण्यातून काढा.

निघायच्या आधी सगळं एकत्र करून उरलेला रस घाला आणि मीठ पुन्हा चाखा. गार धान्याला मीठ कमी लागल्यासारखं वाटतं, त्यामुळे थोडं वाढवावं लागेल. बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका. ज्वारीचा वाडगा आणि गव्हाचा वाडगा असे दोन्ही नेणार असाल तर चमचे वेगवेगळे ठेवा आणि ज्वारीच्या वाडग्यावर चिठ्ठी लावा. लोक एकाच चमच्याने दोन्हीकडे हात मारतात, आणि नणंद तिथे असेलच ना?